हौशी जादूगार आणि धंद्याची मर्यादा

वात्स्यायनाच्या कामसूत्रांत चौसष्ट कलांची जी यादी आहे, तींत ऐंद्रजाल आणि हस्तलाघव या दोहोंचा उल्लेख येतो. ही यादी पोटासाठीं खेळ करणाऱ्यांकरितां केलेली नाहीं. ती नागरकाकरितां, म्हणजे खाऊनपिऊन सुखी अशा शहरी रसिकाकरितां, आणि तशाच सुविद्य स्त्रियांकरितां आहे. वीणा वाजवावी, चित्र काढावें, पोपटाला बोलावयास शिकवावें, तसे हातचलाखीचे चार प्रयोगही अंगीं असावेत, असा तिचा आशय. उलटपक्षीं श्रीहर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेच्या चौथ्या अंकांत जो ऐंद्रजालिक राजापुढें येतो आणि आकाशांत देवदेवता उभ्या करून दाखवितो, तो या विद्येचा व्यवसाय करणारा आहे. म्हणजे हौशी जादूगार आणि धंदेवाईक जादूगार हे दोघेही आपल्याकडे फार जुने. परंतु हे दोघे एकाच दालनांत समोरासमोर आले तर पहिल्यानें दुसऱ्याशीं कसें वागावें, याचें उत्तर त्या चौसष्ट कलांच्या यादींत नाहीं. तें उत्तर पुढें तीनचारशें वर्षांच्या भांडणांतून आणि क्वचित् कोर्टकचेऱ्यांतून हळूहळू तयार झालें. आजच्या भाषणांत मला त्याचाच इतिहास सांगावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हौशी आणि धंदेवाईक हा भेद आपण मराठी मंडळी नाटकामुळें चांगला ओळखतों. एखाद्या कचेरींतील मंडळींनीं वर्षांतून एकदां गडकऱ्यांचें नाटक बसविलें, तर त्यामुळें धंदेवाईक नाटक मंडळीची कांहीं वस्तु चोरीस गेली असें कोणी म्हणत नाहीं. गाण्याचेंही तसेंच. जुने गवई आपल्या घराण्याची खास चीज सहसा दुसऱ्याला देत नसत हें खरें. तथापि एकदां मैफलींत गाइली म्हणून ती चीज संपत नाहीं, उलट दुसऱ्यांदा अधिक गोड लागते. जादूची गोष्ट निराळी आहे. तिच्यांत प्रेक्षकाला जें दिसतें त्याला मोल आहे, पण तें मोल त्याला जें दिसत नाहीं त्यावर उभें असतें. रुपया कोठें गेला हें एकदां कळलें कीं तो प्रयोग त्या माणसापुरता कायमचा मेला. म्हणून जादूगाराचें भांडवल तिजोरींत नसून इतरांच्या अज्ञानांत असतें. आणि हौशी मनुष्य हा असा एकच प्रेक्षक आहे कीं ज्याच्याजवळ त्या तिजोरीची किल्ली असते. त्यानें ती कशी वापरावी, हा सर्व वादाचा मूळ विषय होय.

या वादाची पहिली छापील नोंद इंग्लंडांत १५८४ सालीं सांपडते. केंट परगण्यांतील रेजिनाल्ड स्कॉट नांवाच्या गृहस्थानें त्या वर्षीं चेटुकविद्येवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गांवोगांवच्या दरिद्री, एकाकी म्हाताऱ्यांना चेटकिणी ठरवून फांसावर चढविण्याचा जो प्रघात पडला होता, त्याविरुद्ध हें पुस्तक होतें. ज्यांना लोक सैतानी करणी म्हणतात असे चमत्कार बाजारांतले खेळिये केवळ हाताच्या चपळाईनें करतात, हें दाखविण्यासाठीं त्यानें गोळ्या, नाणीं आणि पत्ते यांच्या खेळांचीं रहस्यें तपशिलानें उघड केलीं. हेतु थोर होता यांत शंका नाहीं. परंतु हें करतांना त्याला एका गोष्टीचें वाईट वाटलें, व तें त्यानें लपविलें नाहीं. या खेळांवर जीं गरीब माणसें पोट भरतात, त्यांच्या पोटावर आपल्या लिहिण्यानें पाय येणार, याबद्दल त्यानें त्याच ग्रंथांत खेद व्यक्त केला आहे. त्याच पुस्तकांत लंडनमध्यें राहणाऱ्या कॉतारेस नांवाच्या एका फ्रेंच माणसाचा उल्लेख आहे. हा गृहस्थ अंगमेहनतीवर आपला चरितार्थ चालवी, आणि तरीही हातचलाखींत त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नाहीं, असें स्कॉट सांगतो. हौशी जादूगाराचें इतकें जुनें आणि इतकें सन्मानाचें चित्र दुसरें मला माहीत नाहीं.

यानंतर अडीचशें वर्षांनीं आपण एकदम कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या दिवाणखान्यांत येतों. डिकन्सला जादूचें वेड होतें. १८४२ च्या सुमारास त्यानें या खेळांचें सामान विकत घेतलें, आणि मित्रांच्या मुलांच्या वाढदिवशीं तो तासतास खेळ करूं लागला. मित्राच्या उंची टोपींत कालवलेलें पीठ ओतून त्यांतून शिजलेलें पुडिंग काढणें हा त्याचा आवडता प्रयोग. १८४३ च्या नाताळांत त्याचा खेळ पाहून जेन कार्लाइल हिनें पत्रांत लिहिलें आहे कीं, पुस्तकांचा धंदा बसला तर या माणसाला जादूवर उत्तम पोट भरतां येईल. डिकन्सनें तसें कधीं केलें नाहीं. तो घरीं खेळ करी, आणि धंदेवाईकांचे खेळ मात्र नाट्यगृहांत जाऊन पाही. इथपर्यंत सर्व ठीक. परंतु १८४९ च्या उन्हाळ्यांत वाइट बेटावर त्यानें जो खेळ केला, त्याच्या जाहिरातींत स्वतःसाठीं 'ऱ्हिया ऱ्हामा ऱ्हूस' असें हिंदी वळणाचें गमतीदार नांव घेतलें होतें. हिंदी जादूगाराचा वेष आणि नांव यांची त्या काळीं लंडनला मोठी हौस होती.

आतां त्याच वेळचें दुसरें चित्र पाहा. हिंदुस्थानांतून लंडनला गेलेला रामो सामी नांवाचा खेळिया तेथें जवळजवळ तीस वर्षें आपले खेळ करीत होता. पितळी गोळे हवेंत झेलणें, तरवार गिळणें, सुटे मणी व घोड्याचा केस गिळून ओवलेली माळ तोंडांतून काढणें, हे त्याचे प्रयोग. हिंदी खेळियांच्या कौशल्यावर हॅझ्लिटसारख्या निबंधकारानें निबंध लिहिला, आणि इतकी परिपूर्णता आपल्या लेखनांत नाहीं म्हणून खंत केली. हा रामो सामी १८५० सालीं लंडनमध्यें वारला, तेव्हां त्याच्या अंत्यविधीपुरता पैसाही घरांत नव्हता. त्याच्या पत्नीला त्यासाठीं वर्तमानपत्रांतून मदत मागावी लागली. डिकन्सनें रामो सामीचें कांहीं नुकसान केलें असें मी म्हणत नाहीं. पण या दोन वर्षांतल्या दोन घटना शेजारीं ठेवल्या म्हणजे कळतें कीं, एकाच्या करमणुकीचा जो पोषाख, तो दुसऱ्याच्या उपजीविकेचा असतो. हौशी माणसानें मनाशीं बाळगावयाची पहिली जाणीव ती हीच.

हौशीनें धंदेवाईकाकडून शिकावें कसें, याचें उत्तर रॉबेर-ऊदँ या फ्रेंच जादूगाराच्या चरित्रांत आहे. ब्लुआ गांवचा हा घड्याळजी. घड्याळांवरचें पुस्तक आणावयास गेला असतां दुकानदारानें चुकून करमणुकीच्या विज्ञानाचे खंड हातीं दिले, आणि त्यांतून आपल्याला जादूचा नाद लागला, अशी हकीकत त्यानें स्वतःच लिहून ठेवली आहे. परंतु पुस्तकानें भागेना, तेव्हां त्यानें गांवांतील माऊस नांवाच्या एका कसबी माणसाला दहा फ्रँक दिले आणि त्याच्याकडून चेंडू झेलण्याचे धडे घेतले. चोरून पाहिलें नाहीं, पडद्याआड डोकावला नाहीं. फी दिली आणि शिकला. १८४५ सालीं याच घड्याळजीनें पॅरिसमध्यें स्वतःचें छोटें नाट्यगृह उघडलें, आणि अर्वाचीन जादूचा जनक हें नांव त्यानें मिळविलें. व्हिएन्ना शहरीं त्याचा समकालीन होफ्झिन्सर हा सरकारी खात्यांतील अधिकारी होता. पत्त्यांच्या जादूंत त्याच्या बरोबरीचा त्या शतकांत झाला नाहीं असें जाणकार मानतात. सरकारी नोकराला उघडपणें असे खेळ करणें शोभेना, म्हणून त्याच्या घरच्या बैठकी त्याच्या पत्नीच्या नांवानें जाहीर होत. हौशी म्हणजे अर्धवट असा जो एक समज आहे, तो या दोन नांवांपुढें टिकत नाहीं. धंदेवाईकांनींही हें लक्षांत ठेवावें. कारण त्यांच्या कित्येक उत्तम प्रयोगांचीं मुळें दिवसा कचेरींत बसणाऱ्या माणसांच्या रात्रींच्या उद्योगांत आहेत.

खरा स्फोट झाला तो १८७६ सालीं. लंडनमधील अँजेलो लूइस नांवाच्या बॅरिस्टरानें 'प्रोफेसर हॉफमन' या टोपण नांवानें अर्वाचीन जादूवर एक जाडजूड, सचित्र पुस्तक प्रसिद्ध केलें. तत्पूर्वीं त्यांतील लेख मुलांच्या एका मासिकांत येत होते. फसवणुकीच्या कलेंत आपण वाकबगार आहोंत हें अशिलांना कळणें बरें नव्हे, म्हणून बॅरिस्टरसाहेबांनीं खरें नांव झांकलें. पण ज्यांचीं रहस्यें त्यांनीं झांकावयाचीं ठेवलीं नाहींत, ते धंदेवाईक संतापले. ज्या युक्तीसाठीं एकानें उमेदीचीं वर्षें घालविलीं, ती आतां कोणाही शाळकरी मुलाला कांहीं शिलिंगांत मिळूं लागली. आपला धंदा बुडाला, अशी ओरड झाली. प्रत्यक्षांत धंदा बुडाला नाहीं. त्या पुस्तकावर वाढलेलीं मुलें पुढच्या पिढीचे नामांकित जादूगार झालीं, आणि शिळ्या युक्त्या सर्वांना कळल्यामुळें धंदेवाईकांना नव्या शोधाव्या लागल्या. मात्र हॉफमननें एक गोष्ट केली होती, जी त्याच्या टीकाकारांच्या ध्यानांत लवकर आली नाहीं. त्यानें रहस्यांबरोबर संयमही शिकविला. पुढें काय करणार हें आधीं सांगूं नये, तोच प्रयोग एका बैठकींत दोनदां करूं नये, अशीं बंधनें त्यानें आरंभींच घालून दिलीं. अभ्यास करणाऱ्याच्या हातीं रहस्य देणें आणि केवळ कुतूहल असणाऱ्यापुढें तें फेंकणें, यांतला फरक येथून पुढें स्पष्ट होत गेला.

हौशी व धंदेवाईक प्रत्यक्ष न्यायालयांत भिडले ते १८९८ च्या सुमारास. लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्यें जॉन नेव्हिल मॅस्केलीन याचा पेटीचा प्रयोग कित्येक वर्षें गाजत होता. कुलूप लावून, दोरखंडांनीं बांधलेल्या पेटींतून आंतला माणूस नाहींसा होई. या पेटीची हुबेहूब प्रतिकृति करून दाखविणाऱ्यास ५०० पौंड देऊं, असें मॅस्केलीननें जाहीर केलें होतें. एव्हन्स आणि स्टॉलरी या दोन हौशी गृहस्थांनीं पेटी तयार केली, तिच्यांतून सुटून दाखविलें, आणि पैसे मागितले. मॅस्केलीन म्हणाला, तुमच्या पेटीचें रहस्य माझें रहस्य नव्हे. मग प्रकरण न्यायालयांत गेलें आणि अपिलांतून अपिलांत चढत गेलें. अखेर निकाल हौशींच्या बाजूनें लागला. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही पेट्या सारखें काम करतांना दिसल्या, तेवढें पुरे झालें. आपलें खरें रहस्य उघड करून दावा जिंकण्यापेक्षां ५०० पौंड देणें मॅस्केलीनला पत्करलें. या खटल्यानें दोन्ही पक्षांना धडा मिळाला. धंदेवाईकानें हौशीला आव्हान देऊन जाहिरात करूं नये, हा एक. आणि न्यायालयाच्या पायरीवर गुपिताला संरक्षण मिळत नाहीं, हा दुसरा.

मग संरक्षण देणार कोण? १९०५ सालीं लंडनच्या एका उपाहारगृहांत कांहीं जादूगार जमले आणि त्यांनीं 'मॅजिक सर्कल' नांवाचें मंडळ स्थापन केलें. तीनच वर्षांपूर्वीं, १९०२ सालीं, न्यूयॉर्कला मार्टिंका यांच्या जादूच्या दुकानाच्या मागल्या खोलींत अमेरिकन जादूगारांची संस्था निघाली होती. या दोन्ही संस्थांचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांत हौशी व धंदेवाईक एकाच पंक्तीला बसले. लंडनच्या मंडळाचें लॅटिन बोधवाक्य, गुपित बोलून न दाखविणारा, अशा अर्थाचें आहे. प्रवेशासाठीं प्रयोग करून दाखवावा लागतो, आणि बाहेरच्यांना रहस्य सांगणाऱ्यास काढून टाकतां येतें. हौशी माणसाला ज्ञानाच्या भांडारांत यावयाचें असेल तर त्यानें आधीं कुलूप सांभाळण्याची शपथ घ्यावी, असा हा सौदा होता. मात्र स्त्रियांना या मंडळाचें दार १९९१ सालापर्यंत बंदच राहिलें, ही त्याच्या शिष्टाचाराची उणी बाजूही सांगितली पाहिजे.

या नियमाचा सर्वांत दारुण प्रसंग मंडळाच्या पहिल्याच अध्यक्षावर आला. डेव्हिड डेव्हंट हा त्या काळचा इंग्लंडांतील श्रेष्ठ जादूगार. दुर्धर आजारानें हात थरथरूं लागले म्हणून त्याला ऐन कीर्तींत रंगभूमि सोडावी लागली. १९३६ सालीं त्यानें आपल्या प्रयोगांचीं रहस्यें लिहून छापलीं, तेव्हां मंडळानें त्याचें सभासदत्व काढून घेतलें. प्रयोग त्याचे स्वतःचे होते. आपल्या विहिरीचें पाणी आपण कोणालाही द्यावें, असा त्याचा पक्ष. तर त्याच झऱ्याचें पाणी इतर अनेकांच्या विहिरींत येतें, असा मंडळाचा. पुढें समेट झाला आणि त्याला सन्मानानें परत घेण्यांत आलें. १९४१ सालीं तो वारला. या वादांत कोणाची बाजू खरी हें ठरविणें अजूनही कठीण आहे. पण यावरून एक गोष्ट उघड होते. ज्या नियमापुढें पहिल्या अध्यक्षालाही सूट मिळाली नाहीं, तो नियम शेजाऱ्यापाजाऱ्यांपुढें मिरविणाऱ्या हौशीला लागूं नाहीं असें म्हणतां येणार नाहीं.

कायद्याच्या मर्यादेचा आणखी एक दाखला अमेरिकेंत घडला. स्त्रीला पेटींत निजवून करवतीनें दोन तुकडे करण्याचा प्रयोग सेल्बिट या इंग्रज जादूगारानें १९२१ सालीं रंगभूमीवर आणला. होरेस गोल्डिन यानें आपल्या तऱ्हेनें तो करून १९२३ सालीं अमेरिकेंत त्याचें पेटंट मिळविलें. १९३३ सालीं एका सिगारेट कंपनीनें आपल्या जाहिरातींतून जादूचीं रहस्यें सचित्र छापण्याचा सपाटा लावला, आणि त्यांत करवतीचा प्रयोगही आला. गोल्डिननें दावा लावला. १९३८ सालीं तो हरला. कारण पेटंट घेतांना रहस्य सरकारी दप्तरांत लिहून द्यावें लागतें, आणि तें दप्तर कोणालाही पाहतां येतें. मालकी मिळविण्यासाठीं गुपित सांगावयाचें, आणि सांगितलें कीं तें गुपित राहत नाहीं, असा हा पेंच आहे. अलीकडे, २०१४ सालीं, टेलर या अमेरिकन जादूगारानें आपल्या सावलीच्या प्रयोगाची नक्कल करणाऱ्याविरुद्ध दावा जिंकला; पण तोही मूकनाट्य म्हणून नोंदविलेल्या प्रयोगाच्या मांडणीवर, त्यामागील युक्तीवर नव्हे. तात्पर्य, जेथें कायद्याचा हात पोंचत नाहीं तेथें जादूगाराची सारी भिस्त जाणत्या माणसांच्या सौजन्यावर असते.

आतां हें सौजन्य व्यवहारांत कसें दिसतें तें पाहूं. धंदेवाईकाचा प्रयोग चालू असतां हौशीनें केवळ प्रेक्षक व्हावें, हा पहिला दंडक. "हें मला ठाऊक आहे" असें ओरडणारा तर असभ्य होयच. पण त्याहून सूक्ष्म असा एक अपराध आहे, आणि तो सभ्य माणसांकडूनही घडतो. जादूंत हातापेक्षां नजरेचें काम मोठें. जादूगार ज्या हाताकडे पाहतो त्या हाताकडे सभागृह पाहतें, आणि दुसरा हात आपलें काम उरकतो. अशा वेळीं पहिल्या रांगेंतील जाणता माणूस त्या दुसऱ्या हाताकडेच टक लावून बसला, तर शेजाऱ्यांच्या नजराही तिकडे वळतात. तो एक शब्द बोललेला नसतो, तरी त्यानें रहस्य फोडलेलें असतें. म्हणून जाणत्यानें जेथें पाहावयास सांगितलें जाईल तेथेंच पाहावें. त्याला व्यासपीठावर मदतीस बोलावलें, तर पत्ता निवडावा, दाखवावा, परत ठेवावा. डाव उधळण्याची आपली शक्ति तेथें अजमावूं नये. मैफलींत मोठ्या गवयाच्या शेजारीं तंबोऱ्यावर बसलेला शिष्य, बुवांच्या तानेची पुढली जागा ठाऊक आहे म्हणून ती आधींच घेत नाहीं.

दुसरा दंडक जागेचा. लग्नाच्या किंवा वाढदिवसाच्या समारंभांत यजमानानें बिदागी ठरवून जादूगार आणला असेल, तर त्या दिवशीं हौशी पाहुण्यानें आपला पत्त्यांचा जोड खिशांत ठेवावा. मुलें आग्रह करतील, "काका, तुम्हीही कांहीं करून दाखवा" म्हणतील. काकांनीं हंसून नाहीं म्हणावें. यांत धंदेवाईकाचा केवळ मान राखला जातो असें नव्हे. कोणत्या क्रमानें कोणता प्रयोग करावयाचा, हें त्यानें बांधून आणलेलें असतें. काकांच्या एका फुकटच्या युक्तीनें त्याच्या शेवटच्या, सर्वांत महत्त्वाच्या प्रयोगाची हवा जाऊं शकते. त्यानें स्वतः बोलावलें तर गोष्ट वेगळी. खेळ संपल्यावर त्याच्या सामानाला विचारल्याशिवाय हात लावूं नये. "तें कसें केलेंत?" असें चारचौघांत विचारूं नये. शिकावयाचेंच असेल तर एकांतांत, फी विचारून शिकावें. रॉबेर-ऊदँनें दहा फ्रँक मोजले ते याचसाठीं. आणि त्याचें बोलणें, त्याचे विनोद, त्यानें रचलेला प्रवेश हीं उचलूं नयेत. युक्ति पुस्तकांतली असेल, पण मांडणी त्या माणसाची असते.

तिसरा दंडक पैशाचा, आणि येथें खरी कसोटी लागते. हौशी मनुष्याचें घर दुसऱ्या मिळकतीवर चालतें. म्हणून त्याला फुकट खेळ करणें सहज परवडतें. पण ज्या संस्थेनें गेल्या वर्षीं बिदागी देऊन जादूगार बोलावला, तिला यंदा आपण फुकट मिळालों, तर त्या वाचलेल्या पैशाची उणीव दुसऱ्या कोणाच्या तरी घरांत पडते. अनाथाश्रमांत किंवा रुग्णालयांत, जेथें एरवीं कोणी पैसे देऊन जादूगार आणणार नाहीं, तेथें हौशीनें अवश्य जावें. तें त्याचें क्षेत्र आहे. जेथें बाजारभाव आहे तेथें त्यानें तो भाव घ्यावा, अथवा बाजूस व्हावें. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्यासारख्यांनीं तिकीट लावून, मराठी प्रेक्षकांसमोर हा व्यवसाय प्रतिष्ठेनें उभा केला. ती प्रतिष्ठा तिकिटाच्या खिडकीवर टिकते, हें विसरून चालणार नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, रहस्य झांकणें हीच जर मर्यादा, तर बुवाबाजीच्या चमत्कारांचें काय? महाराष्ट्रांत हा प्रश्न पुस्तकी नाहीं. डॉ. नरेंद्र दाभोळकर यांनीं १९८९ सालीं स्थापिलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनीं गांवोगांव हातांतून अंगारा काढून दाखविला आणि तो कसा निघतो हेंही सांगितलें. दाभोळकरांचा २०१३ च्या ऑगस्टमध्यें पुण्यांत खून झाला, आणि त्याच वर्षीं जादूटोणाविरोधी कायदा झाला. स्कॉटनें १५८४ सालीं केलें तेंच हें काम. मॅस्केलीननेंही आपल्या कारकीर्दीच्या आरंभीं, १८६५ सालीं, भुतें बोलावण्याचा आव आणणाऱ्या डॅव्हनपोर्ट बंधूंचे प्रयोग स्वतः करून दाखविले होते. जादूगार तिकीट विकतांनाच सांगतो कीं मी तुम्हांला फसविणार आहे. प्रेक्षक तें मान्य करून आंत येतो. बुवा तें सांगत नाहीं. संमतीनें केलेल्या फसवणुकीचें गुपित राखणें हें सौजन्य, आणि संमतीवांचून केलेल्या फसवणुकीचें गुपित फोडणें हें कर्तव्य. मात्र तें फोडतांनाही, त्याच युक्तीवर एखादा प्रामाणिक खेळिया जगत नाहीं ना, इतका विचार स्कॉटसारखा मनांत यावा.

आणि शेवटीं तो खेळिया, ज्याला आपण धंदेवाईक म्हणावयासही विसरतों. रस्त्याच्या कडेला कापड अंथरून, तीन वाट्या आणि चार गोळ्या घेऊन बसणारा आपला गारुडी. त्याला रंगमंच नाहीं, पडदा नाहीं, लांब बाह्यांचा कोट नाहीं. प्रेक्षक चारी बाजूंनीं, एका हाताच्या अंतरावर, आणि कोणत्याही क्षणीं उठून जाण्यास मोकळे. दुकानांतून विकत आणलेल्या पेटीवर चार टाळ्या मिळविणारा हौशी गृहस्थ या माणसापुढें थांबतो, हंसतो, शेजाऱ्याच्या कानांत रहस्य सांगतो आणि पैसे न टाकतां निघून जातो. सभागृहांत जो असभ्यपणा त्याला सुचणार नाहीं, तो रस्त्यावर त्याला असभ्यपणा वाटतच नाहीं. कायद्यानेंही या खेळियाला न्याय दिला असें म्हणवत नाहीं. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यानें भिक्षेची जी व्याख्या केली, तिच्यांत गाणें, नाचणें, भविष्य सांगणें, खेळ करणें अशा निमित्तानें सार्वजनिक जागीं पैसे मागणेंही धरलें. हा कायदा दिल्लीलाही लागूं झाला होता; तेथील उच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिल्लीपुरतीं त्यांतील बरींच कलमें घटनाबाह्य ठरविलीं.

१९७५ सालीं इंग्लंडच्या युवराजानें, म्हणजे पुढें जे राजे झाले त्या चार्ल्स यांनीं, मॅजिक सर्कलचें सभासद होण्यासाठीं परीक्षा दिली. परीक्षेसाठीं त्यांनीं जो प्रयोग निवडला तो पेले आणि गोळ्यांचा, म्हणजे आपल्या गारुड्याच्या वाट्या-गोळ्यांचाच. राजपुत्राच्या हातीं तो छंद ठरला. आपल्या रस्त्यावर त्याच प्रयोगावर एक कुटुंब जेवतें. हौशी माणसानें हा खेळ अवश्य शिकावा. चौसष्ट कलांत त्याला तेवढा अधिकार वात्स्यायनानेंच दिला आहे. पण शिकल्यानंतर त्या गारुड्यापुढें एकदां सबंध खेळ होईपर्यंत थांबावें, जेथें तो म्हणेल तेथेंच पाहावें, कोणाला कांहीं सांगूं नये, आणि उठतांना त्याच्या कापडावर बिदागी ठेवावी. इतरांनीं दिली तर ती दया असेल. हौशीनें दिली तर ती फी होईल, कारण त्या गर्दींत तो किती चांगला खेळला हें कळणारा तो एकटाच असतो.